उघड्या दारांचे ट्रक : लादोगा सरोवरावरील एका हिवाळ्याचा इतिहास

युद्धवाङ्मयात सैनिकाला, सेनापतीला, कैद्याला, निर्वासिताला जेवढी जागा मिळाली, तेवढी मालवाहू मोटार हाकणाऱ्या माणसाला मिळालेली नाही. तो रणांगणावर असतो, पण लढत नाही. मृत्यूच्या तोंडी असतो, पण त्याच्या हातात शस्त्र नसून सुकाणूचे चाक असते. दुसऱ्या महायुद्धातील लेनिनग्राड शहराचा वेढा हा याला एक ठळक अपवाद आहे. त्या शहराच्या आठवणीत, कवितेत आणि स्मारकांत ट्रकचालकाला मानाचे स्थान मिळाले. लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पाठीवरून १९४१-४२च्या हिवाळ्यात हजारो चालकांनी पीठ आणले आणि परतताना माणसे नेली. या चालकांचा अनुभव नेमका कसा होता, आणि वाङ्मयापर्यंत पोहोचताना त्याचे काय झाले, या दोन प्रश्नांचा विचार आम्हांला या लेखात करायचा आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंना वापरतो. आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फच आणि पाणी गोठून दगडासारखे होते तेही बर्फच. 'हिम' हा संस्कृत शब्द हाताशी असला तरी रोजच्या बोलण्यात तो येत नाही, कारण आपल्या प्रदेशात त्याची गरज पडलेली नाही. लादोगावरच्या चालकाचे मात्र या भेदावाचून एक पाऊल पुढे पडत नव्हते. खालचा गोठलेला थर हा त्याचा रस्ता होता आणि वरून पडणारे हिम हा त्या रस्त्याचा शत्रू. हिमाचा थर पांघरुणासारखा असतो. त्याच्याखाली बर्फाला थंडी कमी लागते आणि बर्फाची जाडी सावकाश वाढते. शिवाय ते भेगा झाकून टाकते. म्हणून हिम सतत बाजूला सारावे लागे. कडेला साचलेल्या या ढिगांमधूनच ट्रकची वाट जात असे. या लेखात यापुढे 'बर्फ' म्हणजे गोठलेले पाणी आणि 'हिम' म्हणजे वरून पडणारे, असा भेद आम्ही पाळला आहे.

आता घटनाक्रम पाहू. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबर्ग घेतले आणि लेनिनग्राडचा उर्वरित देशाशी असलेला जमिनीवरचा संबंध तुटला. उत्तरेकडे फिनलंडचे सैन्य होते. मोकळी राहिली ती पूर्वेची लादोगा सरोवराची बाजू. लादोगा हे युरोपातील सर्वांत मोठे सरोवर. शरद ऋतूत त्यावरून तराफे आणि नौका धान्य आणीत होत्या. नोव्हेंबरच्या मध्यास पाणी गोठू लागले आणि तेही थांबले. त्यातच ८ नोव्हेंबरला तिखविन हे रेल्वेचे ठिकाण शत्रूच्या हाती गेले. २० नोव्हेंबरपासून शहरातील पावाचा शिधा वेढ्यातील नीचांकावर आला : कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम, आणि कारकून, अवलंबून असलेली माणसे व मुले यांना १२५ ग्रॅम. हा पावही निव्वळ पिठाचा नव्हता. त्यात सरकीची पेंड आणि लाकडापासून केलेला सेल्युलोज मिसळलेला असे.

याच दिवसांत सरोवरावर बर्फ धरू लागला होता. घोड्याला चालायला साधारण १० सेंटिमीटर जाडी पुरते, एक टन माल घेतलेल्या ट्रकला २० सेंटिमीटर लागते. पाहणी करणारी माणसे कमरेला दोर बांधून, काठीने बर्फ ठोकीत पलीकडच्या कोबोना गावापर्यंत गेली आणि वाटेवर खुणा रोवून आली. आधी घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या. २२ नोव्हेंबरला ६० ट्रकची पहिली रांग मेजर पोर्चुनोव यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि ३३ टन पीठ घेऊन परतली. शहराची भूक रोज शेकडो टनांची होती, त्यापुढे ३३ टन म्हणजे काहीच नव्हते. पण वाट आहे एवढे सिद्ध झाले. दप्तरी या वाटेचे नाव 'लष्करी मोटारमार्ग क्रमांक १०१' असे रूक्ष होते. पुढे तिला 'जीवनाचा मार्ग' हे नाव पडले. तिलाच 'मृत्यूचा मार्ग' म्हणणारेही होते.

बर्फावरचे अंतर सुमारे ३० किलोमीटर. आज हे अंतर वाचताना किरकोळ वाटते. परंतु ते ज्या वाहनातून कापायचे होते त्याचा विचार करावा. 'पोलुतोर्का', म्हणजे 'दीडटनी', या लाडक्या नावाने ओळखला जाणारा 'गाझ-एए' हा ट्रक अमेरिकन फोर्ड कंपनीच्या नमुन्यावर गोर्की शहरात बनत असे. चालकाची बसण्याची जागा लाकडी सांगाड्याची. तिच्यात ऊब नाही. डिसेंबरात त्या अक्षांशावर दिवस जेमतेम सहा तासांचा, बाकी अंधार. तापमान उणे ३० अंशांपर्यंत आणि कधी त्याहून खाली जाई. थंड पडलेले इंजिन आगीच्या धगीने किंवा कढत पाण्याने जागे करावे लागे.

अशा थंडीत चालक दार उघडे ठेवून गाडी हाकीत. काहींनी दारे काढूनच टाकली होती. बर्फ फुटला तर ट्रक क्षणार्धात पाण्यात जाई. बंद दाराशी झटापट करायला वेळ नसे. उघड्या दारातून उडी मारता येण्याची थोडी आशा असे. म्हणजे बुडण्याच्या भीतीवर त्यांनी गोठण्याचा उपाय पत्करला होता. दुसरा शत्रू होता झोप. दिवसाला दोन फेऱ्या करणारा चालक वीस-वीस तास चाकाशी असे, आणि पांढऱ्या, सपाट, खुणाहीन विस्तारात डोळे आपोआप मिटू लागत. त्यावर चालकांनी स्वतःच तोड काढली. जेवणाचा पत्र्याचा डबा डोक्यामागे टांगून ठेवायचा. धक्क्यांनी तो खडखडत राही, पाठीवर-डोक्यावर आपटत राही आणि झोप मोडी. ही युक्ती कोणा अधिकाऱ्याच्या आज्ञेतून आलेली नव्हती. ती एकाने केली, दुसऱ्याने पाहिली आणि अशी ती पसरली.

वाटेवर थोड्या थोड्या अंतराने वाहतूक-नियंत्रक उभे असत. त्यांत अनेक तरुण मुली होत्या. पांढरे कपडे घातलेल्या, हातात कंदील घेतलेल्या या मुली तासन् तास वाऱ्यात उभ्या राहून ट्रकला वाट दाखवीत. बाँबवर्षाव झाला की नव्या भोकांभोवती खुणा करणे हे त्यांचेच काम. विमानांच्या भीतीने दिवे झाकून जायचा नियम होता, पण अंधारात भेगेत जाण्याचा धोका विमानाहून मोठा ठरू लागल्यावर चालक दिवे लावूनच जाऊ लागले. सरोवराच्या पाण्याची पातळी बदलली की बर्फाला तडे जात. त्यांवर लाकडी पूल टाकावे लागत. एक वाट झिजली की शेजारी दुसरी आखावी लागे. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकच्या वाटा वेगळ्या ठेवलेल्या असत. सारांश, हा 'रस्ता' एकदा बांधून झालेली वस्तू नव्हती. तो रोज नव्याने करावा लागत होता.

येथे एका कोड्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यात चालकाचा अनुभव आणि विज्ञान यांची गाठ पडते. जड मालाचा ट्रक सुखरूप जाई आणि त्याच वाटेने जाणारा हलका ट्रक बुडे, असे वारंवार घडत होते. साध्या तर्काला हे उलटे वाटते. लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतील शास्त्रज्ञांनी बर्फ किती लवतो याची नोंद करणारे यंत्र तयार केले आणि मोजमापे घेतली. नाउम रेइनोव हे त्यांतले एक. कारण असे निघाले की चालत्या ट्रकबरोबर बर्फाखालच्या पाण्यात एक लाट धावते. ट्रकचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की कंप वाढत जातो आणि बर्फ फुटतो. हा घातक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता. जड ट्रक सावकाश जाई म्हणून वाचे. हलका ट्रक धावे आणि नेमका त्या वेगावर येई. मग वेगाचे आणि दोन ट्रकमधील अंतराचे नियम ठरले. जिवाच्या भीतीने घाई करावी असे प्रत्येकाला वाटणारच, पण ती घाईच जीव घेऊ शकत होती, हे चालकाला आता शिकावे लागले.

या शिकण्याची किंमत मोठी होती. पहिल्या दोन आठवड्यांत शंभराहून अधिक ट्रक बुडाले किंवा बर्फात अडकून पडले. सुरुवातीला ट्रकवर थोडीच पोती टाकून उरलेली मागे जोडलेल्या घसरगाडीवर ठेवीत, म्हणजे भार वाटला जाई. तिखविन शत्रूकडे असेपर्यंत पलीकडच्या काठापर्यंत पीठ आणायलाही जंगलातून काढलेल्या ३०० किलोमीटरच्या कच्च्या वळशाने यावे लागे. ९ डिसेंबरला तिखविन परत मिळाले आणि तो वळसा सुटला. २५ डिसेंबरला शिधा प्रथमच वाढला : कामगारांना ३५० ग्रॅम, इतरांना २०० ग्रॅम.

एका ट्रकचा अर्थ काय होता याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. दीड टन पिठाला १२५ ग्रॅमने भागले तर १२ हजार येतात. पिठात पाणी मिसळून पाव होतो, म्हणजे प्रत्यक्ष वाटे त्याहूनही अधिक. एक ट्रक बुडाला की तितक्या माणसांचा एका दिवसाचा पाव बुडाला. चालकांना हा हिशेब पाठ होता. वाटेवरच्या फलकांवरूनही तो त्यांना सांगितला जात होता. आम्हांला वाटते की त्या हिवाळ्याच्या नैतिकतेचा सारा भार या भागाकारात आहे.

ओल्गा बेर्गोल्त्स या कवयित्रीने हा भार ओळखला. वेढ्याच्या काळात त्या लेनिनग्राड रेडिओवरून बोलत आणि त्यांचा आवाज उपाशी घराघरांत ऐकला जाई. त्यांचे स्वतःचे आयुष्य त्यापूर्वीच उद्ध्वस्त झाले होते. त्यांचे पहिले पती, कवी बोरिस कोर्निलोव, यांना १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या. स्वतः बेर्गोल्त्स यांना त्याच वर्षीच्या डिसेंबरात अटक झाली आणि १९३९च्या जुलैत त्या सुटल्या. या काळात त्यांनी आपले न जन्मलेले मूल गमावले. दुसरे पती निकोलाय मोल्चानोव १९४२च्या जानेवारीत वेढ्यातच वारले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी 'लेनिनग्राड काव्य' लिहिले. त्यात लादोगावरच्या एका चालकाचा प्रसंग आहे. त्याचा पाव भरलेला ट्रक वाटेत बंद पडतो. गोठलेल्या बोटांनी दुरुस्ती करता येईना, तेव्हा तो आपले हात पेट्रोलमध्ये भिजवतो, पेटवतो आणि त्या हातांनी इंजिन दुरुस्त करून पुढे जातो.

हा प्रसंग वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. त्याच्यामुळेच चालक हा त्या वेढ्याचा नायक म्हणून वाङ्मयात स्थिर झाला. तथापि कवितेने येथे काय निवडले, हेही पाहिले पाहिजे. असंख्य फेऱ्यांतून तिने एक फेरी निवडली. असंख्य क्षणांतून सर्वांत तीव्र क्षण निवडला. काव्याला तो अधिकार आहे. खडखडणारा डबा आणि उघडे दार यांनी चालकाचा जो दिवस बनला होता, त्यात मात्र असा एक शिखरक्षण नव्हता. फेरी संपली की दुसरी फेरी होती.

आणि परतीची फेरी होती. या भागाबद्दल गौरवगीते कमी बोलतात. १९४२च्या जानेवारीच्या उत्तरार्धापासून शहरातील माणसांना बाहेर काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्या हिवाळ्यात सुमारे साडेपाच लाख माणसे बर्फावरून पलीकडे गेली. त्यांतली अनेक उघड्या ट्रकमध्ये बसून, उणे तीस अंशांत. ती अशक्त होती. काहींना धरून बसण्याचीही ताकद नव्हती. बर्फाच्या धक्क्यांनी आईच्या हातातले मूल निसटून पडल्याच्या हकिकती त्या वाटेवर काम केलेल्यांच्या आठवणींत येतात. चालकाला मागे काय झाले हे कळत नसे, आणि कळले तरी थांबण्याची मुभा नसे. काहींचा शेवट पलीकडच्या काठावर झाला : महिन्यांच्या उपासानंतर एकदम पोटभर जेवण मिळाले आणि ते सोसले नाही. जाताना पीठ आणि येताना मरणासन्न माणसे, हा चालकाच्या अनुभवाचा पूर्ण आकार आहे. त्यातला अर्धाच भाग गीतांत आला.

दप्तरात आणखी एक गोष्ट आढळते. ५ जानेवारी १९४२ रोजी शहराचे नेते झ्दानोव यांनी मार्गावरील सर्वांना पत्र पाठवले. रस्ता अजून नीट चालत नाही, गरजेच्या एक तृतीयांशाहून अधिक माल येत नाही, असा त्याचा आशय होता. काही चालक दिवसाला एक फेरीही पुरी करीत नव्हते. पिठाची चोरी होत होती. त्यासाठी कठोर शिक्षा होत होत्या. परतीच्या ट्रकमध्ये जागा मिळावी म्हणून चालकांना घड्याळे आणि दागिने दिल्याच्याही हकिकती आहेत. ५० किलोचे एक पोते चोरले तर त्याच भागाकाराने ४०० माणसांचा पाव गेला. मग या चालकांचे आपण काय करायचे? त्यांना वगळले तर चित्र स्वच्छ होते, पण खोटे होते. त्यांच्यावरच बोट ठेवले तर रोज दोन फेऱ्या करून आलेल्यांवर अन्याय होतो. आमच्या मते चोरीची नोंद प्रामाणिक चालकाचे मोल वाढवते. ज्याच्या मागे पिठाची पोती आहेत आणि जो स्वतः अर्धपोटी आहे, त्याच्यापुढे रोज एक निवड उभी होती. सारेच जन्मजात वीर होते असे मानले तर ही निवडच नाहीशी होते.

बेर्गोल्त्स यांच्याच बाबतीत ही दुहेरी नोंद आढळते. १९४२च्या मार्चमध्ये त्या विमानाने मॉस्कोला गेल्या. लेनिनग्राडातील उपासमारीविषयी तेथे बोलू दिले जात नाही, असे त्यांनी आपल्या खासगी दैनंदिनीत लिहून ठेवले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ते काव्य लिहिले. कविता आणि दैनंदिनी एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. कवितेला खोटे ठरवण्यासाठी दैनंदिनी वापरणे आम्हांला योग्य वाटत नाही. ज्या काळात भूक हा शब्दही उघडपणे उच्चारणे कठीण होते, त्या काळात पाव आणणाऱ्या चालकाचे जळते हात दाखवणे हा भुकेबद्दल बोलण्याचा एक मार्ग होता. पाव एवढ्या किमतीचा का होता, हे वाचकाने ओळखायचे होते.

युद्धानंतर शहराच्या आठवणीवरच संकट आले. वेढ्याचे संग्रहालय १९४९ साली बंद झाले आणि १९५३ साली मोडीत काढले गेले. ते पुन्हा उघडले ते १९८९ साली. शहराचे युद्धकाळातील काही नेते 'लेनिनग्राड प्रकरणात' १९५० साली मृत्युदंडाला गेले. पुढे गौरवाचा काळ आला. १९६६ साली कोक्कोरेवो येथे, जेथून वाट बर्फावर उतरत असे तेथे, शिल्पकार कोन्स्तान्तिन सिमुन यांचे 'तुटलेले कडे' हे स्मारक उभे राहिले. सामान्य माणसांच्या तोंडून वेढा सांगणारे आदामोविच आणि ग्रानिन यांचे 'वेढ्याचे पुस्तक' १९७७ साली मॉस्कोच्या 'नोवी मीर' मासिकात काटछाट होऊन आले. खुद्द लेनिनग्राडात ते छापायला १९८४ उजाडले. स्मारकाला जागा होती, साक्षीला नव्हती, असा हा काळ आहे.

मराठी वाचकाला या युद्धाची ओळख वाङ्मयातून झाली ती बव्हंशी दुसऱ्या एका शहराच्या नावाने. अण्णाभाऊ साठे यांनी 'स्तालिनग्राडचा पवाडा' रचला आणि गिरणगावातील श्रोत्यांपर्यंत व्होल्गाकाठची लढाई नेली. लेनिनग्राडाच्या वाट्याला तसा पवाडा आला नाही. ही तुलना आम्ही साहित्यप्रकाराच्या दृष्टीने करीत आहोत. पवाड्याला लढाई लागते, चढत जाणारा प्रसंग लागतो, शेवटी विजय लागतो. स्तालिनग्राड त्या साच्यात बसते. उपासमार, वाट पाहणे आणि त्याच तीस किलोमीटरवर पुन्हा पुन्हा जाणे यांना तो साचा अपुरा पडतो. बेर्गोल्त्स यांनी एक प्रसंग तीव्र करून मार्ग काढला. आदामोविच आणि ग्रानिन यांनी अनेक आवाज शेजारी शेजारी ठेवून. कष्टाच्या पुनरावृत्तीला कोणता घाट द्यावा, हा प्रश्न आपल्या श्रमिक साहित्याच्या अभ्यासकांनाही नवा नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात बर्फावरून साडेतीन लाख टनांहून अधिक माल शहरात आला. त्यात बहुतांश अन्न होते. एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागला. चाके अर्धी पाण्यात बुडालेली, खालचा बर्फ दिसत नाही, अशा स्थितीत चालक जात होते. २४ एप्रिल १९४२ रोजी वाहतूक थांबली. अगदी शेवटच्या फेऱ्यांत कांदे होते. हिवाळाभर हिरवे काही न खाल्लेल्या शहरात स्कर्व्ही पसरला होता, म्हणून कांद्याचे मोल औषधाचे. पुढच्या हिवाळ्यातही ही वाट चालली. १८ जानेवारी १९४३ला वेढ्याला खिंडार पडले आणि २७ जानेवारी १९४४ला तो पूर्ण उठला.

पदव्युत्तर वर्गात युद्धकविता शिकवताना आम्ही जळत्या हातांचा प्रसंग अवश्य सांगतो, आणि त्याच्या जोडीला झ्दानोव यांचे पत्र, ट्रकमधून निसटलेली मुले आणि डोक्यामागे टांगलेला डबाही सांगतो. विद्यार्थी सहसा विचारतात की यांतले खरे कोणते. चालकाने दार उघडे ठेवले ते भीतीने, आणि तरीही तो दुसऱ्या फेरीला निघाला, हे सांगून आम्ही तो प्रश्न त्यांच्याकडेच परत देतो. वाचकांपैकी कोणी श्रमाच्या आणि पुनरावृत्तीच्या वाङ्मयीन घाटाविषयी मराठी उदाहरणे सुचवली, तर या चर्चेला पुढची दिशा मिळेल.